जाता जाता सांगायचं ते

(स्नेहमेळाव्यातलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि "विषय तूच ठरव" असंही सांगितलं आहे. शाळेच्या आठवणी माझ्यापेक्षा कितीतरी रंगवून सांगणारे इथे बसले आहेत, त्यामुळे त्यांच्या वाट्याला मी जात नाही. पुढच्या रांगेतले आपले बहुतेक शिक्षक आता निवृत्त झाले आहेत. पंधराएक वर्षांत आपलीही पाळी येईल. म्हणून मी विषय घेतला आहे तो असा, की खुर्ची सोडताना माणसानं काय बोलावं.

आपल्याकडे निरोपाच्या भाषणाचा साचा ठरलेला असतो. आधी सगळ्यांचे आभार, मग केलेल्या कामांची यादी, "बोलता बोलता कुणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनानं माफ करा", आणि मग शाल, श्रीफळ, चहापान. यात वाईट काही नाही. पण एका देशाच्या प्रमुखानं हा साचा मोडून जाता जाता जे सांगितलं, ते साठाहून अधिक वर्षं झाली तरी जगभर वाचलं जातं. ते मला तुमच्यापर्यंत पोहोचवायचं आहे.

तारीख होती १७ जानेवारी १९६१. अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयसेनहॉवर रात्री टीव्हीवरून देशाशी बोलले. वय सत्तर. तीन दिवसांनी ४३ वर्षांचे जॉन केनेडी शपथ घेणार होते. आयसेनहॉवर मुळात हाडाचे शिपाई. दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या, त्या मोहिमेचे ते सरसेनापती होते. नंतर आठ वर्षं अध्यक्ष. डिसेंबर १९५९ मध्ये ते भारतातही आले होते. पदावर असताना भारतात आलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. असा माणूस शेवटचं बोलायला उभा राहिला तर लढाईच्या गोष्टी सांगेल, स्वतःच्या कारकिर्दीचे पोवाडे गाईल, असं कुणालाही वाटलं असतं. ते साधारण सोळा मिनिटं बोलले आणि त्यातला महत्त्वाचा भाग होता धोक्याच्या सूचनांचा.

ही परंपरा अमेरिकेत जुनी आहे. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ मध्ये पद सोडायचं ठरवलं, तेव्हा निरोपाचं भाषण न करता ते वर्तमानपत्रात छापून आणलं. पक्षापक्षांतलं वैर देशाला पोखरेल, हा इशारा त्यात होता. आयसेनहॉवर यांच्यासमोर तो नमुना होता. जाताना काहीतरी मोलाचं सांगून जायचं, हे त्यांच्या मनात १९५९ पासून होतं. माल्कम मूस आणि राल्फ विल्यम्स या सहायकांनी मसुदे केले, धाकटे भाऊ मिल्टन यांनी हात फिरवला, आणि वीसहून अधिक खर्डे झाल्यावर भाषण तयार झालं. सोळा मिनिटांसाठी इतकी मेहनत! आपल्या शाळेत निबंधाचा कच्चा खर्डा दाखवल्याशिवाय वही तपासायला न घेणाऱ्या बाईंना हे ऐकून बरं वाटेल.

त्यांची पहिली सूचना शस्त्रांच्या कारखान्यांबद्दल होती. ते म्हणाले, दुसऱ्या महायुद्धापर्यंत आपल्याकडे कायमचा शस्त्रउद्योग नव्हता. नांगराचे फाळ बनवणारेच गरज पडली की तलवारी बनवत. आता मात्र ३५ लाख माणसं थेट संरक्षणाच्या कामावर आहेत, आणि देशातल्या सगळ्या कंपन्यांच्या निव्वळ उत्पन्नाहून जास्त पैसा दरवर्षी लष्करी सुरक्षेवर खर्च होतो. हे सगळं बंद करा, असं ते म्हणाले नाहीत. सोव्हिएत संघाशी स्पर्धा चालू होती, सैन्याची गरज त्यांना मान्य होती. पण लष्कर आणि उद्योग यांची ही जोडगोळी राज्यकारभारावर नको तेवढा प्रभाव पाडू शकते, तेव्हा सावध राहा, असं त्यांनी बजावलं.

यात मला विशेष काय वाटतं सांगते. या गोष्टीत कुणी खलनायक लागत नाही. कारखानदाराला ऑर्डर हवी असते, सेनाधिकाऱ्याला नवं विमान हवं असतं, कामगाराला रोजगार हवा असतो आणि लोकप्रतिनिधीला आपल्या मतदारसंघात कारखाना हवा असतो. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी रास्त. सगळ्यांची बेरीज मात्र अशी होते की खर्च कमी करा म्हणणारा एकटा पडतो. आयसेनहॉवर यांनी हे सोसलं होतं. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघानं स्पुटनिक सोडल्यावर "क्षेपणास्त्रांत आपण मागे पडलो" अशी ओरड अमेरिकेत सुरू झाली. १९६० च्या निवडणुकीत केनेडींनीही तो मुद्दा लावून धरला. यू-२ या टेहळणी विमानांनी काढलेल्या छायाचित्रांवरून ही भीती फुगवलेली असल्याचा अंदाज आयसेनहॉवर यांना होता, पण ती माहिती गुप्त होती. पुढे उघड झालं की अमेरिका मागे नव्हती, चांगली पुढे होती.

दुसरी सूचना थेट माझ्या पोटापाण्याची आहे. आपल्या खोलीत खुडबुड करणारा एकटा संशोधक आता मोठमोठ्या पथकांच्या सावलीत गेला आहे, असं ते म्हणाले. संशोधनाला इतका पैसा लागतो की विद्यापीठात कुतूहलाची जागा सरकारी कंत्राट घेऊ लागलं आहे. आणि एका जुन्या फळ्यामागे आता शेकडो नवे इलेक्ट्रॉनिक संगणक आले आहेत. लक्षात घ्या, हे १९६१ सालचं बोलणं आहे! विज्ञानाचा मान राखलाच पाहिजे, पण सगळी धोरणं मूठभर तंत्रज्ञांच्या हाती जाण्याचा धोकाही तेवढाच ओळखला पाहिजे, असा त्याचा मथितार्थ.

गंमत अशी की स्पुटनिकनंतर, १९५८ मध्ये, 'आर्पा' ही लष्करी संशोधनाची संस्था त्यांच्याच सरकारनं काढली. त्याच संस्थेच्या पैशातून १९६९ मध्ये 'आर्पानेट' हे संगणकांचं जाळं उभं राहिलं, आणि त्यातून पुढे इंटरनेट वाढलं. माझी नोकरी त्यावर चालते आणि आपल्या बॅचचा ग्रुपही त्यावरच चालतो. म्हणजे ज्या व्यवस्थेबद्दल ते सावध करत होते, तिची फळं गोडही होती. म्हणून तर सावध राहणं अवघड.

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली, जी निरोपाच्या भाषणात सहसा कुणी करत नाही. आपल्या हातून काय झालं नाही ते सांगितलं. मे १९६० मध्ये सोव्हिएत संघानं यू-२ विमान पाडलं आणि पॅरिसची शिखर परिषद मोडली. निःशस्त्रीकरणाची आशा तिथेच मावळली. या बाबतीत मी निराशा घेऊन जबाबदारी खाली ठेवतो आहे, असं ते स्पष्ट म्हणाले. टिकाऊ शांतता दृष्टिपथात आहे असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, युद्ध टळलं एवढंच सांगू शकतो. महायुद्ध जिंकलेला सेनापती हे बोलतो आहे.

आता कुणी विचारेल, आणि आपल्या इतिहासाच्या सरांनी तर विचारलंच असतं, की मग आठ वर्षं हे गृहस्थ काय करत होते? प्रश्न बरोबर आहे. त्यांच्याच काळात अमेरिकेची अण्वस्त्रं सुमारे एक हजारावरून अठरा हजारांच्या पुढे गेली. शेवटच्या तीन दिवसांत शहाणपण सांगायला काय जातं, अशी टीका झाली आणि आजही होते. ती मी खोडून काढणार नाही. एवढं मात्र खरं की हा विचार त्यांना शेवटी सुचलेला नव्हता. पदावर येऊन तीन महिने होतात न होतात तोच, १६ एप्रिल १९५३ च्या भाषणात त्यांनी प्रत्येक तोफेची किंमत भुकेल्यांच्या घासात मोजून दाखवली होती. जे त्यांना पटलं होतं, ते त्यांना पुरतं करता आलं नाही. म्हणूनच त्यांची सूचना मला मोलाची वाटते. एखाद्या शांततावाद्यानं हेच सांगितलं असतं तर लोकांनी ते कानाआड केलं असतं. हे सांगणारा आत राहून, ती व्यवस्था चालवून आला होता.

आमच्या धंद्यात कुणी प्रोजेक्ट सोडून जातं तेव्हा 'केटी' नावाचा प्रकार असतो. म्हणजे आपल्याकडची माहिती पुढच्याच्या हवाली करणं. त्यात काय काय छान चालतं याची पानंच्या पानं असतात. पण नवा माणूस आधी शोधतो ती एकच यादी, कुठे अडकतं, कुठे तात्पुरतं ठिगळ लावलं आहे, कशाला हात लावताना जपायचं. ती यादी देणारा सहकारी जन्मभर लक्षात राहतो. आयसेनहॉवर यांचं भाषण म्हणजे अशी यादी होती. आणि ती त्यांनी केनेडींच्या एकट्याच्या हातात न देता साऱ्या देशाला दिली. ही प्रचंड यंत्रणा ताळ्यावर ठेवणं फक्त जागरूक आणि जाणत्या नागरिकांनाच जमेल, असं ते म्हणाले.

त्या सूचनेला धरून, आतली एक बाई म्हणून मीही तुम्हाला एक सांगते. आपल्यात कुणी बँकेत आहे, कुणी दवाखान्यात, कुणी शेती करतं, कुणी शाळेत शिकवतं. आज प्रत्येक खिडकीवर एक वाक्य ऐकू येतं, "सिस्टीम घेत नाही." रेशनच्या दुकानात म्हातारीचा अंगठा जुळत नाही, सिस्टीम घेत नाही. कर्जाचा अर्ज परत येतो, सिस्टीम घेत नाही. हे ऐकून माणसं मुकाट्यानं घरी जातात, जणू देवानंच सांगितलं. मी पोटासाठी अशाच सिस्टीम लिहिते, म्हणून खात्रीनं सांगते. त्यातला प्रत्येक नियम कुठल्या तरी खोलीत बसून कुणीतरी माणसानं ठरवलेला असतो. तो विचारता येतो आणि बदलताही येतो. तेव्हा विचारा. हा नियम कुणी केला, अपवाद कुणाच्या हातात आहे, तक्रार कुठे द्यायची? कामावरून निघायच्या दिवसापर्यंत थांबण्यापेक्षा हे मी आजच सांगून टाकते.

शेवटी सर आणि बाई, तुमच्याकडे एक मागणं. आम्ही आज तुमचे सत्कार केले, पुढेही करू. पण पुढच्या स्मरणिकेसाठी तुम्ही आम्हाला ती दुसरी यादी लिहून द्या. काय करायचं राहून गेलं, कुठल्या मुलांपर्यंत पोहोचता आलं नाही, शाळेत कशाला अजून ठिगळच लावलेलं आहे. आम्ही आता हाती थोडं बळ असलेली माणसं आहोत. तुमच्या स्तुतीनं आमची जबाबदारी संपते. त्या यादीनं ती सुरू होईल.

आभार मानतेच, पण साच्यातले नाहीत. वर्गात प्रश्न विचारला म्हणून तुम्ही कधी कुणाला खाली बसवलं नाहीत, त्याबद्दल.