मुलीने साप पाळायचा म्हटला तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दरसाल कोणी पाककृती सांगते, कोणी बचतीविषयी बोलते. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमच्या घरच्या सापाची हकीगत सांगा." ती हकीगत गल्लीत तिखटमीठ लावून बरीच फिरली आहे, असे माझ्या कानावर आले आहे. तेव्हा खरे काय ते माझ्याच तोंडून ऐकलेले बरे. मी सातवी शिकलेली बाई; व्याख्यान देणे मला जमायचे नाही. घरात जे घडले आणि त्यातून जे कळले, तेवढे सांगते.

आमची धाकटी नववीत आहे. तिच्या शाळेची सहल पुण्याला गेली होती. तेथे कात्रजच्या सर्पोद्यानात तिने साप पाहिले, आणि घरी आली ती एकच ध्यास घेऊन. "आई, आपण एक धामण पाळू या. धामण बिनविषारी असते. मी पेटी करीन, सगळे मीच बघीन."

मी नाही म्हटले. का म्हटले तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी आपल्या गावाबाहेर ऊसतोडीच्या टोळीची पाले पडली होती. त्यातल्या एका सात-आठ वर्षांच्या मुलीला रात्री झोपेत मण्यार चावली. पहाटे तिचे पोट दुखू लागले आणि पापण्या मिटू लागल्या. आईबापांनी तिला आधी उतारा करणाऱ्याकडे नेले. तेथून दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. त्या पोरीच्या आईला आपण काहीजणी भेटायला गेलो होतो, तुम्हाला आठवत असेल. ते डोळ्यांसमोर असताना कोणती आई घरात साप आण म्हणेल?

पण भगिनींनो, पोरीने रुसवा धरला नाही, जेवण सोडले नाही. ती रोज थोडे थोडे विचारत राहिली. तेव्हा माझ्या मनात आले की नुसते "नाही" म्हणून हा विषय मिटायचा नाही. आईचे "नाही" कारणासह असले तर मूल ते धरून राहते. बिनकारणाचे असले तर आईच्या मागे जाऊन करते. आणि सापाच्या बाबतीत मागे जाऊन करणे परवडणारे नाही. म्हणून मी तिला चार प्रश्न घातले. ती खाणार काय आणि ते आणणार कोण? राहणार कोठे? तू नसलीस तर बघणार कोण? आणि चौथा, हे करायला परवानगी आहे का? म्हटले, या चारांची उत्तरे लिहून आण, मग बोलू.

आठ दिवस ती वाचनालयात आणि मोबाईलवर शोधत होती. एका सर्पमित्रालाही तिने, वडिलांना बरोबर घेऊन, जाऊन विचारले. नवव्या दिवशी वही माझ्यापुढे ठेवली. धामण उंदीर, बेडूक, पाखरे खाते. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते पितो, इतकेच. धामण सहा-सात फूट वाढते, दिवसा फिरते आणि फार चपळ असते. पेटीत तिचे हालच होणार. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नव्हते, तशी तिने मोकळी जागा सोडली होती. आणि चौथ्यापुढे लिहिले होते, "परवानगी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972." आपल्याकडचे साप धरून घरात ठेवणे हा या कायद्याने गुन्हा आहे, मग साप विषारी असो वा बिनविषारी. गारुड्याची टोपली बंद झाली ती याच कायद्याने. स्वतःच्या हौसेविरुद्धचे उत्तर पोरीने स्वतःच शोधून, न लपवता माझ्यापुढे ठेवले. त्या दिवशी माझा तिच्यावर विश्वास बसला.

मला वाटले, विषय संपला. तर ती म्हणाली, "आई, पिंजऱ्यात नको. पण आपल्या मागच्या दगडी बांधात एक धामण आहेच. तिला तेथेच राहू दे. कोणी मारायची नाही, एवढीच परवानगी दे."

आता ही परवानगी माझ्या एकटीच्या हातातली नव्हती. घरात सासूबाई आणि हे. ह्यांचे म्हणणे सरळ होते. "बिनविषारी आहे हे तुम्हा मायलेकींना ठाऊक. अंधारात पाय पडला तर कोणता साप ते कोण बघत बसणार?" हे म्हणणे खोटे नाही. भारतात सापांच्या 300 च्या वर जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी. पण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार आपल्या घराशेतांजवळ वावरतात आणि बहुतेक माणसे यांच्याच दंशाने दगावतात. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की, 2000 ते 2019 या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली. म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. त्यांत बहुतेक खेड्यांतली, आणि चारांत एक पंधरा वर्षांखालचे मूल. हे आकडे मुलीनेच बापाला वाचून दाखवले. लपवले असते तर तिची बाजू सोपी झाली असती, पण खरी झाली नसती.

मग ती म्हणाली, "बाबा, धामण मारली तर उंदीर वाढतील. आणि उंदरांच्या वासाने नाग नि घोणस येतील, ते धामणीला विचारून येणार आहेत का? आपल्याला भ्यायचे आहे ते अडगळीला, अंधाराला आणि उशिराला." हे गप्प बसले. गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे, हे आपण बायका जाणतो. पण विचार सुरू झाला होता.

सासूबाईंचे मन वळवायला मात्र पुस्तक लागले नाही. प्रथम त्या म्हणाल्या, धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, आणि साप डूख धरतो. नातीने समजावले की सापाचे तोंड दूध ओढून पिण्याजोगे नसते, आणि वैर मनात धरून माणूस ओळखावा एवढी त्याची बुद्धी नसते, ते सिनेमात. सासूबाईंना सगळे पटले असे नाही. पण संध्याकाळी दिवा लावताना त्या आपणहून म्हणाल्या, "पंचमीला आपण नांगर धरत नाही, चिरत नाही, तवा ठेवत नाही. एक दिवस एवढे जपायचे आणि उरलेल्या दिवसांत काठी घेऊन मागे लागायचे, हे काही बरे नव्हे. राहू दे तिला." आमच्या घरातले ऐंशी वर्षांचे मत मुलीच्या बाजूने पडले, तेव्हा ह्यांनीही मान हलवली. पण अटींवर.

त्या अटी सांगते, कारण परवानगीपेक्षा त्याच महत्त्वाच्या आहेत. पहिली, सापाला हात लावायचा नाही, जवळ जायचे नाही. तो बिनविषारी वाटला तरीही. कवड्या साप आणि मण्यार यांत जाणत्याचीही गफलत होते, तेथे आपली काय कथा! दुसरी, सरपण आणि गोवऱ्या भिंतीला टेकून रचायच्या नाहीत. धान्याची पोती फळीवर ठेवायची. तिसरी, रात्री बॅटरीशिवाय परसात पाऊल टाकायचे नाही. चौथी, जमिनीवर अंथरूण घालायचे नाही. खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली. मण्यार रात्री हिंडते, तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही, म्हणून ही अट सर्वांत मोठी. पाचवी, दाराशी भिंतीवर तीन नंबर लिहायचे: रुग्णवाहिकेचा 108, वनखात्याचा 1926 आणि आपल्या सर्पमित्राचा. घरात कोणताही साप शिरला तरी आधी फोन; काठी नाही.

साप पाळायला निघालेल्या पोरीमुळे आमच्या घराला ही शिस्त लागली. गेल्या पावसाळ्यात गोठ्याच्या दाराशी घोणस निघाली. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फुत्कार ऐकूनच आम्ही मागे सरलो. सर्पमित्र आले, घेऊन गेले. बॅटरी हातात नसती तर माझा पाय तिच्यावर पडला असता. धामण अजून बांधात आहे. मुलीने तिची एक वही केली आहे. कोणत्या दिवशी दिसली, काय करत होती, सगळे लिहिते. चैत्रात कात मिळाली, ती मोजली तर साडेसहा फूट भरली. कात सापाहून थोडी लांब असते, हेही तिनेच आम्हाला सांगितले.

आता एका दुसऱ्या आईची गोष्ट. रोम्युलस व्हिटेकर नावाचे गृहस्थ आहेत. त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. अमेरिकेत लहान असताना ते साप धरून घरी आणीत. त्यांच्या आईने आरडाओरडा केला नाही, उलट मुलाच्या आवडीला उत्तेजन दिले. पुढे त्या बाईंनी आपल्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या मुलाशी विवाह केला आणि 1951 साली मुलांसह त्या मुंबईस आल्या. मुलगा मोठा झाला, त्याने मद्रासला सर्पोद्यान काढले, आणि त्याच्या पुढाकाराने 1978 साली तेथे इरुळा आदिवासींची सहकारी संस्था उभी राहिली. सापांची कातडी विकून पोट भरणारे हे लोक आता साप धरतात, विष काढतात आणि सापाला परत सोडतात. त्या विषापासून, घोड्यांच्या रक्ताच्या साह्याने, सर्पदंशावरची लस तयार होते. एका मुलाच्या विचित्र वाटणाऱ्या आवडीतून केवढे काम झाले! आपली मुले पद्मश्री मिळवोत न मिळवोत, त्यांची आवड पहिल्याच दिवशी चिरडू नये, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

म्हणून मुलींनो, तुम्हाला सांगते. आईबापांचे मन वळवायचे असेल तर हट्ट धरू नका. आपल्या विरुद्धचे मुद्देही आपणच मांडा. त्याने मोठ्यांचा विश्वास बसतो. आणि आयांनो, भीती वाटली म्हणून लाजू नका; पण भीतीला चार प्रश्न विचारायला शिकवा.

शेवटी एक विनंती. सर्पदंशाचे सर्वांत अधिक मृत्यू पावसाळ्यात होतात. मृगापूर्वी आपल्या मंडळाच्या प्रत्येक घरी ते तीन नंबर भिंतीवर लिहिले जावेत. यंदा टोळी आली की पालांवरही आपण जाऊ या. तेथे मच्छरदाण्या द्याव्यात आणि त्या बायांना समजेल असे सांगावे. साप चावला तर चिरू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. चावलेला हात किंवा पाय काठी बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये, धीर द्यावा आणि थेट सरकारी दवाखाना गाठावा. लस तेथे मिळते. उताऱ्याकडे मिळत नाही. मच्छरदाण्यांसाठी मंडळाच्या शिलकेतून काही रक्कम काढावी, असा ठराव मी आज मांडते. अनुमोदन कोण देते ते बघू या.