ट्रॅक्टरची ताकद

मंडळी, बैल घेताना आपण दात पाहतो, खांदा पाहतो, औताला जुंपून पाहतो. नुसत्या बोलण्यावर पैसे मोजत नाही. मग ट्रॅक्टर?

अमेरिकेत नेब्रास्का नावाचं राज्य आहे. तिथं विल्मट क्रोझियर नावाचा शेतकरी होता. शंभर वर्षांमागं त्यानं ट्रॅक्टर घेतला. तो सारखा बिघडे. दुसरा घेतला, तोही तसाच. गडी चिडला. पुढं तो विधिमंडळात निवडून आला आणि १९१९ साली त्यानं कायदाच करवला. ट्रॅक्टर आधी विद्यापीठानं तपासायचा, मगच राज्यात विकायचा.

१९२० साली पहिली परीक्षा झाली ती ‘वॉटर्लू बॉय’ची. रॉकेलवर चालणारं इंजिन. पट्ट्यानं मळणीयंत्र फिरवायला २५ घोड्यांची ताकद, पण नांगर ओढायला १२ घोड्यांचीच, असं कंपनीच सांगे. उरलेली जाते कुठं? ट्रॅक्टरला आपलंच धूड ओढावं लागतं. लोखंडी चाकं मातीत घसरतात. १९३२ पासून रबरी टायर आले, घसरण कमी झाली. पुढं डिझेल आलं. आज सहाशे घोड्यांवरचे ट्रॅक्टरही आहेत, पण घसरण काही सुटलेली नाही.

आपल्याकडं मध्य प्रदेशात बुदनीला सरकारी संस्था ट्रॅक्टर तपासते. ओढायची ताकद किती, डिझेल किती, हे तिच्या अहवालात लिहिलेलं असतं. विकणाऱ्याकडं तो अहवाल मागा.