तोतया पहारेकरी
(शिक्षक संमेलनात दिलेले व्याख्यान)



सदाशिवरावभाऊ १७६१ साली पानिपतावर पडले. पुढे ‘मीच भाऊ’ असे म्हणत एक इसम उभा राहिला, आणि १७७६ साली त्यास देहान्त शासन होईपर्यंत कित्येक भले लोक त्याच्या नादी लागले. तोतयाचे बळ तलवारीत नसते. लोक ज्याची वाट पाहत असतात त्याचे रूप तो घेतो, हेच त्याचे बळ. आज अनेक शाळांच्या कार्यालयांत संगणक आला आहे. त्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या अशाच एका तोतयाविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

संगणकात शिरून आपली माहिती गुपचूप बाहेर पोचविणाऱ्या प्रोग्रामास ‘स्पायवेअर’ म्हणतात. तो एक प्रकारचा हेरच होय. या हेरास शोधून काढणारे प्रोग्राम असतात आणि त्यांचा उपयोगही आहे. परंतु पहारेकऱ्याची गरज निर्माण झाली की, पहारेकऱ्याच्या पोशाखात चोर येतो, हा जगाचा अनुभव आहे.

त्याची रीत अशी. इंटरनेटवर आपण काही वाचीत असता एकाएकी पडद्यावर लाल चौकट उमटते. ‘आपला संगणक तपासला जात आहे’ अशी अक्षरे दिसतात, आकडे भराभर वाढतात आणि शेवटी शेकडो दोष सापडल्याचे जाहीर होते. वस्तुतः ब्राउझरमध्ये उघडलेले पान आपल्या संगणकातील फायली अशा रीतीने तपासू शकत नाही. दिसते ते आधीच रचून ठेवलेले चित्र असते. विंडोजचा ‘सी ड्राइव्ह’ ज्यात मुळी नसतोच, त्या मॅक संगणकावरही तो ड्राइव्ह दूषित झाल्याचे चित्र दिसल्याची उदाहरणे आहेत! आधी भूतबाधा झाल्याचे सांगावे आणि मग ताईत विकावा, त्यातलाच हा प्रकार.

भ्यालेला मनुष्य बटण दाबतो. तेथे तिहेरी हानी होते. पैसे जातात, कार्डाचा क्रमांक चोराच्या हाती पडतो, आणि संगणकात बसलेला तो प्रोग्राम कित्येकदा खऱ्या अँटिव्हायरसलाच निकामी करून इतर चोरांना वाट मोकळी करून देतो.

हा धंदा किती मोठा होता याची दोन उदाहरणे पुरेत. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २००६ साली ‘स्पायवेअर क्लीनर’ विकणाऱ्या कंपनीवर दावा लावला. स्वच्छ संगणकातही त्याच्या फुकट तपासणीत दोष निघतातच, असा आरोप होता. त्याच वर्षी दहा लक्ष डॉलरांवर तडजोड झाली. ‘विनफिक्सर’ आणि त्याच्या भावंड प्रोग्रामांविरुद्ध तेथील संघराज्याचा व्यापार आयोग २००८ साली न्यायालयात गेला. दहा लक्षांहून अधिक ग्राहक फसल्याचे आयोगाचे म्हणणे होते. २०१२ साली न्यायालयाने १६ कोटी ३० लक्ष डॉलरांहून अधिक रकमेचा निवाडा दिला. प्रतिष्ठित स्थळावर गेलो म्हणजे भय नाही, असेही समजू नये. २००९ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर जाहिरातीच्या वाटेने हाच तोतया शिरला होता. आता पुष्कळदा त्या चौकटीत दूरध्वनी क्रमांकही असतो. पलीकडचा गोड बोलणारा ‘तज्ज्ञ’ आपल्या संगणकाचा ताबा मागतो.

मग करावे काय? चौकटीतील कोणतेही बटण, ‘रद्द करा’ हेदेखील, दाबू नये. ऑल्ट आणि एफ-४ या कळा एकत्र दाबून ब्राउझर बंद करावा. न झाल्यास संगणकच बंद करावा, आणि पुन्हा चालू केल्यावर जुनी पाने उघडू नयेत. २०१२ सालच्या विंडोज-८ पासून विंडोजमध्ये पहारेकरी अंगचाच असतो. तो जागता ठेवावा आणि विंडोज वेळोवेळी अद्ययावत करावे. घात झालाच तर प्रथम इंटरनेट तोडावे. दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड बदलावेत. पैसे गेले असल्यास बँकेस आणि १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. भारत सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची शोधसाधने विनामूल्य आहेत.

बंधुभगिनींनो, शाळेचा संगणक हा केवळ एक यंत्र नव्हे. मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक त्यात असतात. अंगठा उमटवून किंवा सही करून ज्या आईबापांनी ही माहिती आपणांस दिली, त्यांनी ती संगणकाच्या भरवशावर दिलेली नाही. गुरुजींच्या आणि बाईंच्या भरवशावर दिली आहे. यास्तव चूक घडल्यास ती लाजेने झाकून ठेवू नये आणि सहकाऱ्याने उघड केल्यास त्यास हसू नये. ज्या शाळेत चूक सांगण्याची भीती वाटते, तेथे तोतयाचे निम्मे काम आधीच झालेले असते.

खऱ्या पहारेकऱ्याची खूण एकच: तो घरधन्यास घाबरवून लगोलग पैसे मागत नाही. ‘आत्ताच, याच क्षणी’ असे जो म्हणतो, त्याच्यापुढे क्षणभर थांबावे आणि विचारावे. प्रश्न विचारण्याची ही सवय आपण वर्गात मुलांना लावतोच; ती पडद्यासमोर बसतानाही सुटू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.