आज दवाखान्यात कोणाची बारी?

(उमरी येथे कौटुंबिक उपासनेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘आजारपण आणि ख्रिस्ती कुटुंब’ हा विषय मला दिला आहे. माझे वडील गेल्या हिवाळ्यात लकव्याने नांदेडला, विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात १९ दिवस होते. तुमच्यापैकी पुष्कळ जण तिथे येऊन गेलात. म्हणून आज पुस्तकातले थोडे आणि खाटेजवळचे जास्त बोलते.

उत्पत्तीच्या ४८ व्या अध्यायात योसेफाला निरोप मिळतो की वडील आजारी आहेत. योसेफ त्या वेळी मिसर देशाचा मोठा अधिकारी होता. वैद्यसुद्धा त्याच्या चाकरीत होते. माणूस पाठवून विचारपूस करता आली असती. पण तो स्वतः गेला, आणि मनश्शे व एफ्राईम या दोन्ही मुलांना सोबत नेले. मुलगा आला हे कळल्यावर म्हातारा याकोब बळ एकवटून पलंगावर उठून बसला. त्या अध्यायात औषधाचे नाव नाही. आपले माणूस आले, एवढेच आहे.

पण योसेफाच्या घरी मागे नोकरचाकर होते. आपल्यासारख्यांच्या घरात एक माणूस दवाखान्यात गेला की सगळे घर आजारी पडते. माझा भाऊ रात्री बाबांच्या खाटेखाली चटई टाकून झोपायचा आणि सकाळच्या गाडीने उमरीला येऊन दुकान उघडायचा. माझ्या सासूबाई पहाटे चारला उठून भाकरी थापायच्या. तो डबा घेऊन मी निघायची. मुदखेडमार्गे नांदेड स्टेशन, तिथून ऑटो. वहिनी दोन्ही घरांचे पाणी भरायची. माझी मुलगी दहावीला. आजोबांची चादर धुऊन वाळत घालायची आणि मग पुस्तक उघडायची. रात्री फोनवर एकच बोलणे असायचे, “उद्या कोणाची बारी?”

सिस्टरने आम्हाला तीन गोष्टी शिकवल्या. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. नळीतून अन्न देताना डोके उंच ठेवा. आणि सांगेपर्यंत तोंडाने पाण्याचा थेंबही देऊ नका, कारण लकव्यात गिळता येत नाही आणि पाणी फुप्फुसात जाते. इकडे भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमाने शहाळे आणायचा. एके दिवशी मी खाटेखालची शहाळी मोजली, ११ भरली! बाबा सोडून सगळ्या वॉर्डाने ती प्यायली. तुम्ही हसताय, पण आणणारे इथेच बसले आहेत.

शेजारच्या खाटेवर किनवटकडच्या एका पाड्यावरचे कोलाम बाबा होते. त्यांनाही लकवाच. किनवट-माहूर भागातले कोलाम, गोंड, आंध, परधान हे आपले शेजारी. किनवटची गाडी आणि उमरीची गाडी मुदखेडलाच एकत्र येते. त्या बाबांजवळ फक्त त्यांची बायको होती. मुलगा दोन दिवस थांबून परत गेला. कापूस वेचणीला आला होता, घरी दोन लहान लेकरे शेजारणीकडे, शेळ्या बांधलेल्या. मावशी आपसात कोलामी बोलणाऱ्या, मराठी मोडकी. औषधाची चिठ्ठी हातात घेऊन उभ्या राहायच्या. खिडकीवर गेले तर मालकाजवळ कोण, आणि मालकाजवळ बसले तर खिडकीवर कोण? पहिले चार दिवस त्यांनी अंघोळ केली नाही, ती याच कारणाने.

सहाव्या दिवशी मुलगा परत आला तो वडिलांना घेऊन जायलाच. मला म्हणाला, “ताई, बाबा इथं राहिले तर घर मोडतं.” त्याचे वडिलांवर प्रेम नव्हते असे कोणी समजू नये. डोळे लाल होते त्याचे. एका बाजूला वडील आणि दुसऱ्या बाजूला लेकरे, यांतून निवड करायची वेळ त्याच्यावर आली होती.

आणि बिलाचा प्रश्न तिथे नव्हताच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आपल्याकडे २०१२ पासून आहे. पहिल्या टप्प्याच्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते, तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी होते. आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार होतात. रेशनकार्ड आणि ओळखपत्र असले की आरोग्यमित्र कागद पुढे नेतो. पण शेळ्यांना चारा घालणारी योजना नाही. खाटेजवळ बसणाऱ्या मावशीच्या दोन भाकरींचीही नाही. तिथे मंडळीचे काम सुरू होते.

त्या दिवशी आम्ही काय केले? मोठे काही नाही. भाऊ म्हणाला, रात्री मी इथेच असतो, दोन्ही खाटा बघतो. सासूबाईंनी भाकरी वाढवल्या. आपल्या केंद्राच्या ताईंनी पाड्यावर फोन लावला, तेव्हा मुलाचा चुलतभाऊ शेळ्या आणि लेकरे बघायला तयार झाला. मुलगा एक दिवस थांबून वेचणीला परत गेला. बाबा तिथेच राहिले.

आणि ही मदत एका बाजूची नव्हती, हे मला आवर्जून सांगायचे आहे. माझ्या आईचे गुडघे गेलेले, बाबांना एकटीने वळवणे तिला जमेना. मावशींनी न सांगता खाली वाकून बाबांना कुशीवर घेतले. रानात लाकडाची मोळी उचलणारे हात ते. पुढे दर दोन तासांनी, “अक्का, चल,” अशी हाक यायची आणि दोघी मिळून दोघांच्या मालकांची कूस बदलायच्या. आपण आदिवासींसाठी दान देतो, अर्पण पाठवतो. माझ्या बाबांच्या पाठीला एकही जखम झाली नाही, ती एका कोलाम बाईमुळे. हे दान आपल्या हिशोबाच्या वहीत कुठे लिहायचे?

आता माझी विनंती. आपल्या मंडळीत एक बारीची वही ठेवू या. त्यात चार रकाने असावेत: दवाखान्यात रात्र कोण काढणार, डबा कोण देणार, आजाऱ्याच्या घरी पाणी, लेकरे, जनावरे कोण बघणार, आणि केंद्राकडून निरोप आला तर पाड्यावरच्या कुटुंबाजवळ कोण जाणार. ज्याला पैसे देणे जमते त्याने गाडीभाडे द्यावे. ज्याला जमत नाही त्याने एक रात्र द्यावी. रात्र जास्त महाग आहे.

भेटायला जाताना दहा मिनिटे पुरेत. “आमच्या मामांना असेच झाले होते,” ही गोष्ट घरी ठेवून या. प्रार्थना विचारून करा, हळू आवाजात करा. खाटेवरचा माणूस आपल्या मदतीचा कर्जदार नाही. त्याला उपदेश ऐकायला लावू नका.

आणि घरोघरी एवढे लक्षात ठेवा. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर मालिश करत बसू नका, १०८ ला फोन करा. गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एकाच पिशवीत दाराजवळ ठेवा.

बाबांचा उजवा हात अजून उचलत नाही. बोलणे चार-पाच शब्दांचे आहे. कोलाम बाबा आमच्या आधी काठी टेकत घरी गेले, पण दोन महिन्यांनी पाड्यावरच वारले. जाताना मुलगा, सुना, नातवंडे सगळी जवळ होती, असे केंद्राच्या ताईंनी कळवले. मावशी आता एकट्या आहेत. पुढच्या आठवड्यात आई आणि मी त्यांना भेटायला जाणार आहोत. ज्यांना सोबत यायचे आहे त्यांनी उपासनेनंतर मला सांगावे. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, पेनही आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.