मोडी, बाळबोध आणि संगणकाचा प्रोग्रॅम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते निबंधाची वही हाती घेऊन विचारीत, "हे वाचायचे कोणी?" संगणकाच्या प्रोग्रॅमलाही हाच प्रश्न विचारला पाहिजे, असे मला वाटते.

आपल्या बडोद्याच्या दफ्तरात गायकवाडी अमदानीचे मोडी कागद आहेत. हात न उचलता भराभर लिहिता यावे, यासाठी मोडी. तीत ह्रस्वदीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये अंतर नाही. कारकुनाची घाई खरी होती; त्याला दोष देता येत नाही. पण कागद कारकुनापेक्षा अधिक जगला, आणि आज तो वाचणारे मोजकेच उरले. पोथी मात्र बाळबोधीत लिहीत, कारण ती पुढच्या पिढीने वाचायची होती.

संगणकाच्या क्षेत्रातही असेच घडले. १९६० नंतरच्या काळात संगणकाची स्मृती अतिशय महाग होती. ८० रकान्यांच्या छिद्रपत्रात जागा वाचावी म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदवीत. तेव्हा ती काटकसर शहाणपणाचीच होती. परंतु ते प्रोग्रॅम अपेक्षेहून दीर्घायुषी ठरले, आणि २००० साल यंत्राला १९०० वाटेल, अशी भीती उभी राहिली. एकेक दुरुस्ती लहान होती. लक्षावधी ओळींत ती कोठे करायची, हे शोधणे जिकिरीचे होते. लिहिणारे निवृत्त झालेले, टिपणे अपुरी. त्यापायी जगाचे अब्जावधी डॉलर खर्ची पडले.

म्हणून वेग त्याज्य ठरतो काय? मुळीच नाही. डोनाल्ड कनूथ यांनी १९७४ मध्ये याचा विवेक सांगितला. त्यांच्या मते, सुमारे ९७ टक्के प्रसंगी बारीकसारीक वेगाची चिंता सोडावी. उरलेल्या कळीच्या ३ टक्क्यांत मात्र ती अवश्य करावी. ही जागा अंदाजाने नव्हे, मोजमाप करून शोधावी. मी त्यात एवढीच भर घालीन की, जेथे वेगासाठी मोडी वापरावी लागेल, तेथे शेजारी बाळबोधीत कारण लिहून ठेवावे. याच कनूथ यांनी १९८४ मध्ये प्रोग्रॅम हे माणसांसाठी लिहिलेले साहित्य मानावे, असे प्रतिपादन केले. साहित्याच्या अध्यापकाला याहून आनंदाचे ते काय?

मित्रहो, यंत्र कोणतीही लिपी निमूटपणे वाचते. अडतो तो मागाहून येणारा माणूस. बहुधा तो आपल्याला कधी भेटणारही नाही. त्याची आठवण ठेवून लिहिणे, हेच गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर होय.