डोळ्यांच्या कलानें चालणारें चित्र

सुईंत दोरा ओवावयाची वेळ आली, कीं आजीबाई नातवाला हांक मारतात. आणि खेळांतून ओढून आणलेला तो दहा वर्षांचा मुलगा दोरा ओवून क्षणांत मोकळा होतो. सुई तीच, दोरा तोच, खिडकींतून येणारा उजेडहि तोच. फरक असतो तो डोळ्यांतील एका लहानशा भिंगाचा. नातवाचें भिंग अद्याप लवचिक असतें. आजीबाईंचें ताठ झालेलें असतें. डोळ्यांवर चढवावयाच्या ज्या नव्या दर्शक-यंत्रांत खोटी सृष्टि खरी भासते, त्यांच्यापुढील सर्वांत अवघड कोडें या सुईदोऱ्याच्या प्रसंगांतच दडलेलें आहे.

श्रोत्यांनीं एक साधा प्रयोग करून पाहावा. हाताचें बोट डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धरावें आणि त्याच्या नखावर दृष्टि ठेवावी. मागच्या भिंतीवरील घड्याळ पुसट होतें. मग बोट न हलवितां नजर घड्याळावर न्यावी. त्याचे कांटे स्पष्ट होतात, आणि बोट पुसट व दुहेरी दिसूं लागतें. एवढ्या अवधींत डोळ्यांनीं दोन कामें उरकलेलीं असतात. पहिलें वळण्याचें: जवळची वस्तु पाहतांना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, दूरची पाहतांना जवळजवळ समांतर होतात. दुसरें भिंगाचें: भिंगाभोंवतालचा स्नायु आकुंचन पावला, म्हणजे भिंगाला ताणून धरणारे तंतु सैल पडतात, भिंग फुगतें, आणि जवळच्या वस्तूची रेखीव प्रतिमा आंतील पटलावर उमटते. हें दुसरें काम डोळ्याच्या दर्शनी पटलाचें नाहीं, हें इंग्लंडांत थॉमस यंग यानें १८०१ मध्यें दाखवून दिलें. त्यानें आपला डोळा पाण्याशीं भिडवून त्या पटलाची वक्रीभवनशक्ति जवळजवळ नाहींशी केली. तरीहि जवळदूर पाहण्याचें सामर्थ्य कायम राहिलें.

हीं दोन कामें बैलजोडीसारखीं एकाच जुंवाखालीं चालतात. डोळे आंत वळले कीं भिंग आपोआप फुगूं लागतें, आणि भिंग फुगलें कीं डोळे आंत वळूं लागतात. निसर्गांत हीं दोन्ही एकाच अंतराची साक्ष देतात. त्यामुळें त्यांची फारकत करण्याचा प्रसंगच डोळ्यांवर येत नाहीं.

तो प्रसंग माणसानें आणला. १८३८ मध्यें चार्ल्स व्हीट्स्टन यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें स्टिरिओस्कोप या यंत्राचें विवेचन केलें. एकाच वस्तूचीं किंचित् निरनिराळ्या बाजूंनीं काढलेलीं दोन चित्रें दोन डोळ्यांना स्वतंत्रपणें दाखविलीं, तर मनाला एकच भरीव वस्तु दिसते, हें त्याचें मर्म होतें. पुढें डेव्हिड ब्रूस्टर यानें त्याला भिंगांची सुटसुटीत रचना दिली, आणि १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनानंतर तें यंत्र दिवाणखान्यांतून मोठें आवडतें होऊन बसलें. त्यांतील पूल, पर्वत आणि राजवाडे निरनिराळ्या अंतरांवर उभे आहेत असें वाटे. पण चित्राचें कार्ड सपाट, आणि तें एकाच अंतरावर. डोळे पुलाकडे पाहतांना एका कोनांत वळत, पर्वताकडे पाहतांना दुसऱ्या कोनांत. भिंगाला मात्र सदैव कार्डाच्याच प्रतिमेवर खिळून राहावें लागे. बैलजोडींतील एक बैल चालावयाचा आणि दुसरा उभा राहावयाचा, असा हा प्रकार होता. चित्रें थोडा वेळच पाहावयाचीं असल्यामुळें ही ओढाताण फारशी जाणवत नसे.

१९६८ मध्यें अमेरिकेंत आयव्हन सदरलँड यानें डोक्यावर चढवावयाचें संगणकी दर्शक-यंत्र सिद्ध केलें. मान वळविली कीं त्यांतील रेखाचित्रहि त्या मानानें बदले. आजचीं आभासी सृष्टीचीं यंत्रें त्याचींच वंशज होत. त्यांत डोळ्यांपुढें पडदा व भिंगें असतात, आणि त्या भिंगांमुळें पडद्याची प्रतिमा एका ठराविक अंतरावर भासते. हें अंतर दोन मीटर आहे असें धरूं. दोन मीटरवरील वस्तूसाठीं भिंगाला अर्ध्या डायऑप्टरचा फुगवटा पुरतो. आतां त्या सृष्टींत कोणी पाव मीटरवर पुस्तक धरलें, तर डोळे पाव मीटरच्या हिशेबानें आंत वळतात. त्या अंतरासाठीं भिंगानें चार डायऑप्टर फुगावें अशी जन्माची संवय असते. तें फुगलें तर पुस्तक पुसट होतें, न फुगलें तर जोडी मोडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मार्टिन बँक्स आणि त्यांचे सहकारी यांनीं २००८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या विसंवादाचा परिणाम पडताळून पाहिला. त्यानें डोळे थकतात, आणि दोन प्रतिमा एकत्र जुळण्याची क्रियाहि मंदावते, असें त्यांना आढळलें. चित्रपटगृहांत पडदा दूर असल्यामुळें हा विसंवाद बहुधा सौम्य राहतो. हाताच्या अंतरावरचें काम करावयाच्या यंत्रांत तो तीव्र होतो.

यावर शास्त्रज्ञांनीं योजिलेले मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला मार्ग नजरेच्या मागोमाग जाण्याचा. यंत्रांतील सूक्ष्म कॅमेरे डोळे कोठें वळले आहेत हें टिपतात. त्यावरून पाहणाऱ्याचें लक्ष किती अंतरावर आहे तें संगणक ठरवितो, आणि पडदा किंचित् पुढें-मागें सरकवून किंवा भिंगाची शक्ति बदलून प्रतिमा त्याच अंतरावर नेतो. हें सरकणें अगदीं थोडें पुरतें: चाळीस मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगामागील पडदा सुमारें साडेपांच मिलिमीटर हलला, कीं प्रतिमा क्षितिजापासून पाव मीटरपर्यंत जवळ येते. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं असे नमुने करून त्यांचे निष्कर्ष २०१७ मध्यें प्रसिद्ध केले. फेसबुक कंपनीनें २०१८ मध्यें सरकत्या पडद्यांचा नमुना दाखविला, आणि २०१९ मध्यें हालचालीऐवजीं विजेनें शक्ति बदलणाऱ्या द्रवस्फटिकांच्या भिंगांचा. या मार्गांत एक उणीव राहते. सारें चित्र एका वेळीं एकाच अंतरावर असल्यामुळें बाकीच्या वस्तूंचा पुसटपणा संगणकाला हिशेब करून रंगवावा लागतो.

दुसरा मार्ग अनेक पडद्यांचा. एकाच दृश्याचे निरनिराळ्या अंतरांवरील थर एकदम दाखवावयाचे, आणि कोणत्या थरावर स्थिरावावयाचें तें डोळ्यावर सोंपवावयाचें. २०१८ मध्यें विक्रीस आलेल्या मॅजिक लीप या यंत्रांत निरनिराळ्या अंतरांवरील दोन थर होते. तिसरा मार्ग सर्वांत जुना आणि सर्वांत उदार. फ्रान्समधील गाब्रिएल लिपमन यांना रंगीत छायाचित्रणाबद्दल १९०८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं त्यांनीं असंख्य बारीक भिंगांच्या पत्र्यामधून छायाचित्र घेण्याची व पाहण्याची कल्पना मांडली. वस्तूपासून निघणारे किरण ज्या ज्या दिशांनीं डोळ्यांत शिरतात, त्या त्या दिशांनीं ते पुनः पाठवावयाचे, हें तिचें सूत्र. तें साधलें तर डोळ्याला कोणी कांहीं सांगावें लागत नाहीं. खऱ्या खिडकीबाहेर पाहावें तसा तो आपल्या मर्जीनें जवळ-दूर पाहतो. परंतु पडद्यावरील ठिपके अनेक दिशांत वांटले गेल्यामुळें प्रत्येक दिशेच्या वांट्याला थोडेच येतात, आणि चित्राची बारकाई घटते.

आतां पुनः आजीबाई आणि नातू यांच्याकडे वळावें. नातवाचें भिंग चपळ असल्यामुळें विसंवादाची पुरी झळ त्याला लागते. आजीबाईंचें भिंग फुगतच नाहीं. तेव्हां प्रतिमा एका जागीं खिळलेली असली तरी त्यांच्या भिंगाला त्याचा जाच नाहीं, उलट नातवाच्या हितासाठीं ती जवळ आणली तर आजीबाईंना पुस्तक पुसट दिसेल. मधल्या पिढींतील ज्या आईला नुकतीच चाळिशी लागली, तिची गरज या दोघांहून निराळी. म्हणजे एकाच घरांतील तिघांना एकच यंत्र तिन्ही रीतींनीं वागवितां आलें पाहिजे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनीं चष्म्याचा नंबरहि यंत्रांतच सामावून घेण्याचें दाखविलें, आणि कांहीं माणसांना खऱ्या सृष्टीपेक्षां आभासी सृष्टि अधिक स्पष्ट दिसणें शक्य आहे, असें म्हटलें. सुईंत दोरा ओवूं न शकणाऱ्या माणसाला हें आश्वासन लहान नव्हे.

मात्र या सोयीचें मोल कोणत्या नाण्यांत चुकवावयाचें, हेंहि घरोघरीं विचारलें गेलें पाहिजे. जुना स्टिरिओस्कोप पाहणाऱ्याकडे पाहत नसे. नजरेच्या मागोमाग जाणारें यंत्र मात्र पाहणाऱ्याचे डोळे अखंड न्याहाळत असतें. त्यावांचून त्याचें काम चालत नाहीं. मूल कशाकडे ओढलें गेलें, आई कोणत्या वस्तूवर थबकली, आजीबाईंनीं कोठून दृष्टि काढून घेतली, हें त्याला कळतें. जें मनुष्य तोंडानें बोलत नाहीं, तें पुष्कळदां त्याची नजर बोलून जाते. ती नोंद यंत्रांतच विरून जाते, कीं दूर कोणाच्या वहींत जमा होते, हा प्रश्न भिंगशास्त्राच्या कक्षेंत येत नाहीं. तो विकत घेणाऱ्यानेंच विचारावयाचा आहे. लिपमन यांच्या मार्गाला मुळांत अशा पाळतीची गरज नाहीं, ही त्याची थोरवी त्याच्या अपुऱ्या बारकाईबरोबर तोलून पाहण्याजोगी आहे.

माणसानें यंत्राच्या कलानें पाहण्याऐवजीं यंत्रानें डोळ्याच्या कलानें दाखवावें, ही दिशा योग्यच आहे. नातवाला सुई ओवावयास बोलावतांना आजीबाई त्याच्या डोळ्यांवर विश्वास टाकतात, आणि तो दोरा ओवून खेळावयास निघून जातो. यंत्रानेंहि आपलें काम करून असेंच निघून जावें, एवढी अपेक्षा त्याच्याकडून ठेवावयास हरकत नाहीं.