शाळेतील संवादाचे मोल
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी परभणी येथे दिलेले भाषण)



माझे उभे आयुष्य या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत मुलांना शिकविण्यात गेले. विद्वत्तेचा अधिकार माझ्यापाशी नाही. अनुभवाचे, आणि त्यातही चुकांचे, गाठोडे तेवढे आहे. त्यातील एक चूक मी आज आपल्यापुढे सोडून ठेवणार आहे.

आपला पिढीजात व्यवसाय शिवणकामाचा. कापडाला कात्री लावण्यापूर्वी आपण गिऱ्हाइकाला समोर उभे करतो, माप घेतो आणि माप घेता घेता विचारतो : बाही किती हवी, गळा कसा हवा, सैल ठेवू की अंगाबरोबर? अंगरखा वाढत्या वयाच्या मुलाचा असेल तर शिवणीच्या आत चार बोटे कापड जास्त सोडतो. त्या जादा कापडाला आपल्या धंद्यात ‘माया’ म्हणतात. न विचारता बेतलेला कपडा अंगाला बसत नाही, हे आपल्यातील पोरासोरालाही ठाऊक आहे. पण मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत आपण पालक आणि आम्ही शिक्षक पुष्कळदा माप न घेताच कात्री चालवितो.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गात आपल्याच ज्ञातीचा एक मुलगा होता. वर्गात पेंगत असे. सहामाही परीक्षेत तो गणितात नापास झाला. पालकसभेत मी एकेकाचे गुण वाचून दाखवीत होतो. त्याचे वडील उभे राहिले, तेव्हा पंचवीस-तीस माणसांदेखत मी म्हणालो, “मुलगा कच्चा आहे, लक्ष द्या.” त्या गृहस्थांनी मान खाली घातली, “बरं, गुरुजी” एवढेच म्हटले आणि ते बसले. दिवाळीच्या सुटीनंतर मुलगा शाळेत आला नाही. काही दिवस हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी गैरहजेरी मांडीत राहिलो. पुढे ते नावही कमी झाले.

पुष्कळ वर्षांनी एका लग्नात तो भेटला. आज त्याचे स्वतःचे दुकान आहे. वाकून नमस्कार केल्यावर मी त्याला शाळा सोडण्याचे कारण विचारले. तो म्हणाला, “त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली होती. दिवाळीचे कपडे वेळेवर द्यायचे म्हणून मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काज-बटणाला बसायचो. सभेतून आल्यावर बाबा म्हणाले, गुरुजीच कच्चा म्हणतात, तर आता मशीनवरच बस.” मी विचारले, “मला का नाही सांगितलेस?” तो म्हणाला, “तुम्ही विचारलं नाही, गुरुजी.” त्याच्या स्वरात राग नव्हता. म्हणूनच ते बोल मला अधिक लागले.

बंधुभगिनींनो, ‘कच्चा’ हा शब्द आपल्या कुळाला नवा नाही. ज्यांचे नाव आपण नित्य घेतो त्या नामदेव महाराजांनाही तो चारचौघांत ऐकावा लागला होता. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांच्या मस्तकांची परीक्षा केली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही आख्यायिका आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. नामदेव दुखावले, पण गोष्ट तेथे संपली नाही. परंपरा सांगते की ते औंढा नागनाथी विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले पाहून नामदेवांनी हरकत घेतली. त्यावर विसोबांनी त्यांना दटावले नाही. देव जेथे नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, एवढेच सांगितले. शिष्याने शंका बोलून दाखविली, गुरूने ती ऐकून घेतली आणि उत्तर शोधण्याचे काम शिष्याकडेच सोपविले. कच्चेपण दाखविणारे थापटणे एका घटकेत आपले काम करून मोकळे झाले. कच्चेपण घालविले ते या संवादाने. पुढे त्याच नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली.

औंढा नागनाथ आणि महाराजांचे जन्मस्थान म्हणून आपण पूजितो ते नर्सी, ही दोन्ही गावे पूर्वी आपल्या परभणी जिल्ह्यातच होती. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ती तिकडे गेली. गोदाकाठचे गंगाखेड मात्र आजही आपले आहे. तेथील जनाबाई लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी कामाला राहिली. तिच्यासाठी कोणी शाळा काढली नव्हती. दळता-कांडताना कानांवर पडणारे संतांचे बोलणे हीच तिची शाळा. आणि त्या घराने तिलाही बोलू दिले, हे विशेष. तीनशेहून अधिक अभंग आज तिच्या नावावर आहेत.

मराठवाड्याच्या आधुनिक शिक्षणाचा इतिहासही हेच सांगतो. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि सरकारी माध्यमिक शाळांतूनही उर्दूचेच प्राबल्य होते. घरी मराठी बोलणाऱ्या आईबापांना शाळेत जाऊन आपल्या मुलाविषयी दोन शब्द विचारणेही अवघड जाई. अशा काळात हिप्परगा, अंबाजोगाई, सेलू येथे राष्ट्रीय वृत्तीच्या शाळा उभ्या राहिल्या. स्वामी रामानंद तीर्थ यांनी हिप्परग्यास आणि नंतर अंबाजोगाईस शिक्षक म्हणून काम केले. त्या शाळांचे बळ इमारतीत नव्हते; गुरुजी मुलांच्या भाषेत मुलांशी बोलत, त्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मुक्त झालो आणि शाळेची भाषा आपली झाली. भाषेची भिंत पडली. पण तिच्या जागी संकोचाची भिंत उभी राहिली. पालकाला शिक्षकाची भीड वाटते, शिक्षकाला अभ्यासक्रम संपविण्याची घाई असते. आता तर मोबाइलवर निरोप येतो : उद्या शुल्क भरावे, परवा सुटी आहे. निरोप पोहोचतो, पण कोणी कोणाशी बोलत नाही.

कायद्याने मात्र आपल्या हाती पुष्कळ दिले आहे. २००९ चा बालशिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत व प्रगती त्यांना सांगणे हे त्याने शिक्षकाचे कर्तव्य ठरविले. मुलाला मारहाण करण्यास, त्याचा मानसिक छळ करण्यास त्याने बंदी केली. जिल्हा परिषदेच्या शाळेतील व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि ५० टक्के स्त्रिया असाव्यात, असाही नियम आहे. पण खुर्ची मिळाली म्हणून बोलणे सुरू होत नाही. समितीतील किती भगिनी सभेत तोंड उघडतात, आणि किती जणी दाखविलेल्या जागी सही करून घरी परततात, याचा आपणच विचार करावा.

संवाद वेळेवर झाला तर काय होते, याचे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, पालमकडील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मूल बरोबर गेले की वर्ष बुडते. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल आजीपाशीही राहू शकते. पण गाडी निघाल्यावर शिक्षक दारी येऊन काय उपयोग? तो भाद्रपदातच आला, आईशेजारी ओट्यावर टेकला आणि “यंदा कधी निघणार, लेकराचं काय ठरवलंय?” एवढे विचारले, तर वाट निघू शकते. त्या एका प्रश्नावर मुलाचे वर्ष अवलंबून असते.

आता थोडे आपल्याविषयी. आज आपण नव्वद टक्के गुण मिळविणाऱ्यांना हार घालीत आहोत. ते योग्यच आहे. त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु या वर्षी आपल्या ज्ञातीतील किती मुलांनी शाळा सोडली, ती यादी कोणापाशी आहे? गुणवंतांची नावे आपल्या स्मरणिकेत छापली जातात; गळालेल्यांची विचारपूस कोण करतो? माझी नम्र विनंती आहे की प्रत्येक तालुक्यात दोन वडीलधाऱ्या मंडळींनी आणि दोन भगिनींनी हे काम अंगावर घ्यावे. मूल आठ दिवस शाळेत दिसले नाही तर त्याच्या घरी जावे. उपदेश करू नये. आधी विचारावे, मग ऐकावे आणि गरज पडल्यास पालकाबरोबर शाळेत जावे, म्हणजे त्याला एकटे वाटणार नाही. आणि शाळेच्या बाकावर सर्व ज्ञातींची मुले शेजारी-शेजारी बसतात, तेव्हा आपल्या मुलाची चौकशी करताना शेजारच्या मुलाचीही करावी.

शिक्षकबंधूंनाही एक सांगणे आहे. गुण सर्वांसमक्ष वाचू नका. प्रत्येक पालकाला पाच मिनिटे स्वतंत्र द्या आणि पहिले वाक्य प्रश्नाचे असू द्या : “घरी सगळं बरं आहे ना?” मला ते पाच शब्द सुचले नाहीत, म्हणून एक मूल माझ्या वर्गातून गेले. त्याने पुढे कष्टाने आपला संसार उभा केला, हे त्याचे कर्तृत्व. त्याने माझी चूक धुऊन निघत नाही.

कापड बेतताना आपण माया सोडतो ती आज दिसत नाही. मूल वाढले की शिवण उसवून ती कामी येते. मुलाशी आणि त्याच्या आईबापांशी बोलण्यात घालविलेला वेळ ही तशीच माया आहे. ती सोडण्यात कोणी कसर करू नये, एवढीच माझी प्रार्थना आहे.